माझ्या रक्तातली जुनी खूण

दिवाळीच्या आधी आम्ही कांद्याची चाळ रिकामी केली. श्रीगोंद्याच्या आमच्या भागात ऊसच जास्त, पण थोडा उन्हाळी कांदा घरोघर असतो. त्या साली भाव वाढायची वाट बघताना तो चाळीत फार दिवस राहिला आणि खालच्या थरात उंदरांनी संसार मांडला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. सुट्टी लागली होती म्हणून धाकटे दीर आणि जाऊ यांच्या जोडीला मीही गेले. सडका कांदा बाजूला काढला, चांगला गोण्यांत भरला. शेवटी तळ झाडायला भाऊजी उतरले. सुकी टरफलं, माती, लेंड्या, सगळ्याचा असा धुरळा उठला की माणूस दिसेना. जाऊ ओरडली, "आवो, तोंडाला काई तरी बांधा!"

"झालंच की आता," ते आतून म्हणाले.

पुढं काही दिवसांनी त्यांना ताप भरला. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ताप उतरला आणि पुन्हा चढला. कंबर इतकी दुखायला लागली की खाटेवर कूस बदलता येईना. लघवी कमी झाली तशी माझ्या यजमानांनी त्यांना गाडीत घालून नगरला नेलं. प्लेटलेट उतरल्या होत्या, किडनीला सूज होती. डेंग्यू असेल म्हणाले, तर तो निघाला नाही. मग लेप्टो असेल म्हणाले, म्हणजे उंदराच्या लघवीतून येणारा ताप. त्याची तपासणी एका ठिकाणी पुसट होकारार्थी आली, दुसऱ्या ठिकाणी नकारार्थी.

मी शिकलेली, म्हणून घरचे सगळे मलाच विचारायचे. डॉक्टरांकडून ऐकलेलं मी जसंच्या तसं सांगायची. पण आपण झालेल्या आजाराचं नाव सांगतोय की न झालेल्या आजारांची नावं सांगत सुटलोय, हे मलाच कळत नव्हतं.

भाऊजी सावकाश सुधारले आणि घरी आले. त्यांना काय झालं होतं ते मात्र कोणीच सांगितलं नाही. गावानं आपल्यापुरतं 'उंदराचा ताप' ठरवून टाकलं. शेजारीण अंगणातूनच चौकशी करून माघारी जायला लागली.

थंडीत पुण्याहून एक पथक आलं. एक तरुण डॉक्टर बाई आणि तिच्यासोबत पिंजरे घेतलेली माणसं. मला वाटलं, आता भाऊजींच्या आजाराचा छडा लागणार. तसं मी तिला विचारलंही.

"त्यासाठीच असं नाही," ती म्हणाली. "उंदरांमध्ये हंता नावाचा एक विषाणू असतो. तो या पट्ट्यात आहे का, कुठल्या गावांना त्याचा धोका आहे, ते बघतोय."

"मग भाऊजींना तोच झाला होता?"

"झाला असेल. नसेलही."

जाऊ चिडली. "मंग तुमाला म्हाईत तरी काय हाय?"

"फार थोडं," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आलोय."

भाकरीच्या तुकड्याला शेंगदाण्याचं कूट लावून त्यांनी चाळीत, घरात आणि उसाच्या बांधावर पिंजरे लावले. सकाळी घरातल्या पिंजऱ्यात चिचुंद्री सापडली. यजमान म्हणाले, "हा उंदीर न्हाई, सोडून देतो." तर पथकातला माणूस घाईनं पुढे झाला, "थांबा, थांबा, हिच्यातही असले विषाणू असतात." यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. पिंजरा त्या माणसाच्या हातात दिला. मग आम्हा सगळ्यांचं रक्त घेतलं आणि ते लोक गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टर बाई परत आली. ओसरीत बसून पाणी प्यायली आणि भाऊजींना म्हणाली, "तुमच्या रक्तात या विषाणूचं काही सापडलं नाही." आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच तिनं माझ्याकडे मान वळवली. "ताई, तुमच्या रक्तात मात्र त्याची जुनी खूण दिसते."

"माझ्या? अहो, मी तर त्या वेळी धडधाकट होते!"

"तेव्हाची नसेलही. कधीतरी, बऱ्याच वर्षांपूर्वी तुमची त्याच्याशी गाठ पडली असेल. कदाचित दुसऱ्याच मिळत्याजुळत्या विषाणूची खूण असेल. तपासणी कधी चुकतेही."

चाळीतल्या उंदरांत काहीच सापडलं नव्हतं. पलीकडच्या उसाच्या बांधावरच्या एका घुशीत काहीतरी सापडलं होतं. तिनं आम्हाला जिल्ह्याचा नकाशा दाखवला. काही भाग फिकट, काही गडद, आणि आमच्या गावावर एक ठिपका. मी विचारलं, "ही मी का?"

"नाही हो, ती घूस. माणसं आम्ही या नकाशात दाखवत नाही."

सगळे हसले. जाऊ हसली नाही. हळू आवाजात तिनं डॉक्टरला विचारलं, "ताईंकडनंच तर यांना लागलं नसंल ना?"

डॉक्टरनं समजावलं की आपल्याकडे हा माणसाकडून माणसाला लागतो असं दिसलेलं नाही, आणि भाऊजींच्यात तर तो सापडलाच नाही. जावेनं मान डोलावली. पण दुसऱ्या दिवसापासून माझा पाण्याचा तांब्या तिनं वेगळा ठेवला. राग यावा असं वाटत होतं, पण तिची भीती खोटी आहे असं छातीठोकपणे म्हणायला माझ्याजवळ काय होतं?

एके दुपारी भाऊजी रानातून आले आणि सरळ तोच तांब्या तोंडाला लावला. जाऊ धावली. ते म्हणाले, "काय हुतंय? आजारी पडलो मी, निघालं वैनीच्या रक्तात. ह्याचा मेळ कुनालाच लागंना, मंग आपुन कशाला भांडी वायली करायची?" त्या दिवसापासून तांब्या पुन्हा सगळ्यांचा झाला. जावेनं संध्याकाळी माझ्या आवडीचं पिठलं केलं.

मे महिन्यात मी अकोले तालुक्यात माहेरी गेले. लहानपणी भातलावणीच्या दिवसांत आपल्याला एकदा जोराचा ताप आला होता, असं मला अंधूक आठवत होतं. आईला विचारलं.

"आल्ता की. दात वाजत हुते तुझे. हिवताप हुता त्यो."

"हिवतापच कशावरून?"

"तवा समदा ताप हिवतापच हुता," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

मी तिच्यासमोर बसून एकेक ताप आठवत राहिले. शाळेत असतानाचा, बाळंतपणानंतरचा, बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत अंगावर काढलेला. कुठलाही असू शकत होता. त्यातला एकही नसेल, असंही होतंच.

पुढच्या वर्षी मिरजगावकडून एका अनोळखी माणसाचा फोन आला. आमच्या एका पाहुण्यानं त्याला माझा नंबर दिला होता. "बाई, तुमाला त्यो उंदराचा आजार झाल्ता म्हनं. माझ्या भावाला तापानं धरलंय. पाठ लई दुखतीया. काय करू?"

मला काही झालं नव्हतं, किंवा कधी झालं ते ठाऊक नव्हतं, हे सांगत बसायची ती वेळ नव्हती. म्हटलं, "अंगावर काढू नका, आजच मोठ्या दवाखान्यात न्या. घरात, कोठारात उंदीर असतील, कुठं झाडलोट केली असेल, तर डॉक्टरांनी विचारायच्या आधीच त्यांना सांगा. लघवी कमी होतेय का बघा. आणि यापुढं तसली जागा सुकी झाडू नका, आधी ब्लीचिंगचं पाणी मारा."

"बरं. नेतो." तो म्हणाला. "बरा हुईल ना पन त्यो?"

"आमचे भाऊजी झाले," मी म्हटलं.

"त्यांना बी ह्योच हुता ना?"

भाऊजी अंगणात गाडी पुसत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोनवर म्हटलं, "तुम्ही निघा आता, उशीर करू नका."