आवाजाची बॅटरी

धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं सुरू होतात. त्यांची दवंडी देत फिरणाऱ्या एका जीपवाल्याला मी करडी गावच्या चौकात पाहिलं, एकदाच. आल्या आल्या तो चहा प्यायला, आणि मग जीप काही सुरू होईना. इंजिनाची बॅटरी पार बसली होती.

मागच्या सीटवर मात्र भोंग्यासाठी वेगळी बसवलेली दुसरी बॅटरी होती. ट्रॅक्टरची, कोरी, हळदकुंकू लावलेली, आणि चक्क शालीत गुंडाळलेली. त्याने माईक घेतला, दोनदा फुंकर मारली आणि खणखणीत आवाजात पुकारा केला, "करडीच्या तमाम नाट्यरसिकांनो! गाडीले धक्का माराले बहुसंख्येने उपस्थित राहा!"

लोक खरंच बहुसंख्येने आले. मीही पिशवी खाली ठेवून धक्का मारायला लागलो. तो आत बसून बोलतच होता, "डाव्या बाजूचे काका, थोडा जोर लावा! चष्मेवाले भाऊ, तुमी नुसता हात लावून राहिले!"

चष्मेवाला मी. मी भडकलो. "अहो, मग ती मागची बॅटरी जोडा ना इंजिनाला!"

त्याने माईक बाजूला ठेवला आणि शालीवर हात ठेवला. "कसं बोलता जी भाऊ? गाडीले धक्का देनारे गावोगाव भेटतेत. आवाजाले धक्का कोन देईन?"

मी दोन्ही हातांनी जोर लावला. जीप सुरू झाली आणि सगळ्यांचे आभार मानत तलावाच्या पाळीवरच्या रस्त्याने दिसेनाशी झाली. वळणापलीकडूनही त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

नाटक कोणत्या गावाला आहे, एवढंच तो सांगायला विसरला.