नस्सारांच्या गाठी

सोयरीक जमवताना नस्सार घराण्यातल्या मुन्तहाची सासू आपल्या मुलाचा हात पुढे करून सांगायची, "चाचपून बघा! खरा नस्सार आहे!" बोटांच्या सांध्यांवर पिवळसर, टणक गाठी. चार पिढ्या रोटांच्या भट्टीवर पीठ मळल्याच्या त्या खुणा, असा आमच्या डोंगरातल्या गावाचा पक्का समज. नस्सारांचे बरेच पुरुष चाळिशीच्या आत छातीत कळ येऊन जायचे, ते भट्टीच्या धगीने. मुन्तहाचा नवरा नखले एकोणचाळीस वर्षांचा असताना परातीशेजारीच कोसळला. मी एव्हलिन, गावच्या दवाखान्यातली नर्स, आणि मीही हेच मानत होते! आज लाज वाटते.

भट्टी मग मुन्तहाने चालवली. एका शनिवारी बैरूतहून येणारी डॉक्टरीणबाई आम्हा सगळ्यांसारखीच खिमा कालवून आणून तो रोटांवर पसरून भाजून घ्यायला रांगेत उभी होती. मुन्तहाचा मुलगा फारेस, वय सव्वीस, बैरूतची बस चालवायचा. तो रोट उचलायला आला आणि बाईंनी त्याचा हातच धरला.

"या गाठी कधीपासून?"

"भट्टीची देणगी आहे," फारेस ऐटीत म्हणाला.

"थांब," मुन्तहा म्हणाली. "तू आयुष्यात कधी पिठाला हात लावलायस?" मग तिने आपले पीठ माखलेले हात वर केले. "तीस वर्षं मी मळतेय. माझ्या हातावर कुठाय गाठ? एव्हलिन, बघ गं! कुठाय?"

तिचे सांधे गुळगुळीत होते.

बाईंनी तिथेच समजावलं. यकृताच्या पेशींवर एक प्रथिन असतं, ग्राहक म्हणतात त्याला. रक्तातलं कोलेस्टेरॉल पकडून ते आत ओढतं. या घराण्यात ते बापाकडून मुलांपैकी काहींना बिघडलेलंच मिळतं. मग कोलेस्टेरॉल रक्तातच फिरतं, सांध्यांवर साचतं, हृदयाच्या नळ्यांत साचतं.

"म्हणजे मी रोटांच्या पाट्या भरून दारात उभी, आणि आत घेणारं कुणी नाही," मुन्तहा म्हणाली.

"अगदी तसंच. रक्त तपासलं की कळेल. औषध आहे."

औषध आहे! मला तर नाचावंसं वाटलं. पण फारेस हसला. "मला काय धाड भरलीय? रोज चार फेऱ्या मारतो मी."

पुढच्या शनिवारी मुन्तहाने मला सुया घेऊन परातीशेजारी बसवलं. "नस्सार असशील तर आधी रक्त दे, मग रोट!" आरडाओरडा झाला, शिव्या झाल्या, म्हातारा चुलत दीर शफीक आमच्याकडच्या रीतीने तिला मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाला, "उम्म फारेस, ही भट्टी आहे की कसाईखाना?" पण रोटांवरच्या झातर मसाल्याचा वास सुटलेला, पोटात कावळे ओरडत होते, एकेकाने बाही वर केली. फारेस तेवढा बसमध्ये जाऊन बसला.

मुन्तहाने भट्टी विझवली. अर्ध्या गावाचे रोट कच्चे!

"फारेस हात पुढे करेपर्यंत पेटणार नाही."

मग काय विचारता! शफीकनेच त्याला कॉलर धरून बसमधून ओढून आणलं. "दे की मेल्या रक्त, माझा खिमा वाळतोय!"

एकवीस जणांचे आकडे भयंकर निघाले, फारेसचा सगळ्यांत वाईट. रोजची गोळी सुरू झाली, आणि मुन्तहा त्याच्या तोंडात बोट घालून बघायची, गिळली का ते.

नखले एकोणचाळीस वर्षं, चार महिने, अकरा दिवस जगला. तेरा वर्षं गोळ्या घेऊन फारेस गेल्या मंगळवारी त्याहून एक दिवस जास्त जगला. पहाटेच मुन्तहाने त्याला भट्टीवर बोलावलं. मीही होतेच. तिने त्याचे सांधे एकेक करून चाचपले. गाठी मऊ पडल्या होत्या.

"आजपासून तू बापापेक्षा मोठा," ती म्हणाली. "या वयाचा नस्सार मी माझ्या घरात कधी पाहिला नाही. कसं वागायचं तुझ्याशी, मला ठाऊक नाही रे."

फारेसने परातीत हात घातला आणि पीठ मळायला लागला, अगदी वेडंवाकडं.

"पाणी जास्त झालं, गाढवा," मुन्तहा म्हणाली आणि ढसाढसा रडली.