विनम्र अभिवादन

सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एक जुना फोटो आला. नऊवारी, हातात तलवार, खाली ओळ: 'इतिहासाने विसरलेली वीरांगना. विनम्र अभिवादन.'

ही तर माझी आत्या. शाळेच्या गॅदरिंगमधली, पुठ्ठ्याची तलवार घेतलेली. स्टुडिओवाल्याने हा फोटो कित्येक वर्षं काचेत लावला होता.

तिच्या पाच भाच्यांनी हात जोडले, दोघांनी पुढे पाठवला. जिने यांना न्हाऊमाखू घातलं तिचा चेहरा एकालाही ओळखता येऊ नये? रोज सकाळी इतिहास कळतो म्हणे यांना. वर्षभरात यांतलं कुणी तिच्याकडे फिरकलेलं नाही.

संतापून तिच्या घरी जाऊन मी फोन आत्यापुढे धरला. तिने चष्मा लावून सगळे जोडलेले हात पाहिले.

"मी गेले असं वाटतंय होय पोरांना," ती म्हणाली, "तरीच कुणी येत नाही."