‘बरं हाय’ म्हटलं आणि बरा झालो

“अभिनंदन काका. आता वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणा. तुम्ही बरे झालात.”

डॉक्टर हसले. कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर हसला. रांगेतलेही हसले. आणि मीही हसलो. लकव्यानंतर माझं हसू अर्ध्याच तोंडात येतं. तेवढंही त्यांना देऊन टाकलं.

केळझर-सेलू काळी-पिवळी जीप चालवायचो मी. एका सकाळी उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात नाही. मग अपंगत्वाचं कार्ड मिळालं, निराधारचं मानधन सुरू झालं. त्याच्या भरवशावर एसटीच्या सवलतीत सावंगीच्या दवाखान्यात व्यायामाला जाऊ लागलो. तिथल्या ताई हात बोटभर हलला तरी टाळ्या वाजवायच्या. मला टाळ्यांची चटकच लागली. उभी हयात हॉर्न वाजवला, कोणी टाळी दिली नव्हती.

मग नवा नियम आला. लकव्याच्या कार्डवाल्यांची सेलूच्या शिबिरात फेरतपासणी. ‘तुमच्याच फायद्याचं आहे’, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं. मी विश्वास ठेवला. भोंगा कशाला खोटं बोलेल?

निघताना बायको म्हणाली, “जुना सदरा घाला ना. लगनाले चालले का?”

“साहेबापुढं जाऊन राह्यलो. भिकारी दिसलो नाई पाह्यजे.”

तिनं दाढी करून दिली, इस्त्रीचा सदरा चढवला, एकेक बटण लावलं. मी आरशात पाहिलं. एकदम नवरदेव.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “काय काका, कसं आहे?”

“बरं हाय साहेब.”

आमच्याकडं याला उत्तर म्हणत नाहीत. घरात मयत असली तरी कोणी विचारलं की माणूस आधी ‘बरं हाय’ म्हणतो, मग रडतो. आणि डॉक्टर काही परदेशातून आले नव्हते. हिंगणघाटकडचेच. त्यांच्या आईनंही जन्मभर हेच म्हटलं असेल. त्यांना कळलं नाही, हे मी मानत नाही.

“हात वर करा.”

मी टाळीच्या आशेनं दातओठ खाऊन हात खांद्यापर्यंत नेला. घाम फुटला. बोटं तशीच मुडपलेली. बोटांकडं कोणी पाहिलं नाही. टाळीही वाजली नाही.

कार्डावरचे अपंगत्वाचे टक्के घसरले, चाळीसच्या खाली. मानधन बंद, सवलत बंद. म्हणजे सावंगी बंद. म्हणजे हात पुन्हा छातीशी चिकटणार. व्यायामानं हात उचलला. हात उचलला म्हणून व्यायाम गेला.

“साहेब, हे बटण माह्या बायकोनं लावलं,” मी म्हणालो. जीभ जड झाली होती.

“काका, तुम्हीच म्हणालात ना, बरं आहे? आता नाटक नको. पुढे व्हा.”

माझाच शब्द. माझ्याच गळ्यात.

मी पुढे झालो नाही. माझ्यामागं एक म्हातारी होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. सुनेनं धरून खुर्चीवर बसवली. डॉक्टरांनी त्याच गोड आवाजात विचारलं, “काय आजी, कसं आहे?”

तिचे ओठ जुळले. ‘ब’ निघणारच होता.

“म्हणू नको माय,” मी ओरडलो. “बरं हाय म्हणू नको. तुले पानी कोन पाजते, ते सांग.”

“ए, बाहेर हो,” ऑपरेटर म्हणाला. म्हातारी माझ्याकडं पाहत राहिली. मग तुटत तुटत बोलली, “सून पाजते. गिळता येत नाई बाप्पा.”

“लिहा,” मी डॉक्टरांना म्हणालो. “हे लिहा.”

मला बाहेर काढलं. डाव्या दंडाला धरून. उजव्या हाताला धरून या माणसाला ओढता येत नाही, हे तेवढ्यापुरतं त्यांना बरोबर कळलं.

अपील टाकलं आहे. सेलूत आता शिबिर असलं की दारात मी असतो. येणाऱ्या प्रत्येक लकवेवाल्याला थांबवतो, त्याच्या तोंडातला तो शब्द आधी बाहेर ठेवायला लावतो.

माझी तारीख येईल. त्या दिवशीही दाढी केलेली असेल, सदरा इस्त्रीचाच असेल. भिकारी होऊन मी जाणार नाही. फक्त बटणं उघडी असतील. कसं आहे म्हणून विचारलं, तर उत्तर देणार नाही. त्यांच्यासमोर उभा राहून बटणं लावायला घेईन. बसा साहेब. पाहा. शेवटचं बटण लागेपर्यंत पेन उचलायचा नाही.