एकोणिसावं वाक्य

माझी अक्का चौतीस वर्षं चौथीच्या मुलांना गणित शिकवत होती. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, कुंड्यांना पाणी घालतात. हिने परदेशातल्या एका अनाथालयात वर्षभर फुकट शिकवायचं ठरवलं, आणि अर्ज पाठवून झाल्यावर मला सांगितलं. मी तिची धाकटी बहीण, म्हणजे घरातला कायमचा विरोधी पक्ष. "गुडघे तुझे आणि डोक्याला ताप माझ्या," मी म्हटलं. ती हसली आणि बॅगेत खडूंचे डबे भरायला लागली.

शेवटी पंधरा दिवसांसाठी मीही तिच्याबरोबर निघाले. सगळ्यांना सांगितलं, सोडायला जातेय. मनातून तिला परत घेऊन यायचा बेत होता. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, अक्का सोळाची. तेव्हापासून तिच्याशिवाय राहायची मला सवयच नाही, हे खरं कारण.

अक्काला तिकडची भाषा ओ की ठो येत नव्हती. पण ही बाई हार मानणाऱ्यातली नव्हे. वर्गात आपण जन्मभर काय काय बोललो ते तिने एका वहीत लिहून काढलं. 'शांत बसा.' 'फळ्याकडे बघा.' 'हातचा विसरू नका.' 'शाबास.' मोजून वीस वाक्यं भरली. "बघ, एवढ्यावर माझी सगळी नोकरी झाली," ती म्हणाली. एका शिकवणीवाल्याकडून तिने ती तिकडच्या भाषेत करून घेतली आणि भाजी चिरताना, केस विंचरताना घोकत राहिली. मुलं कुठली, हे शिकवणीवाल्याने विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. मीही ती वही दोनदा चाळली होती, आणि मला काही खटकलं नव्हतं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

अनाथालयाची इमारत दुमजली. लांब पडवीत नंबर घातलेल्या खुंट्या, प्रत्येक खुंटीला एक टॉवेल. जेवणघरातली टेबलं पुसली की तिथेच अक्काचा वर्ग भरायचा. मुलं नऊ. त्यांतली एक आठेक वर्षांची पोरगी पुढच्या दोन दातांची, खिशात पेन्सिलींचे तुकडे साठवणारी. मी तिचं नाव खारूताई ठेवलं. हिशेबात ती सगळ्यांच्या पुढे होती, पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. अक्काचा जीव जडला तो नेमका तिच्यावर.

पहिल्या शुक्रवारी अक्काने चाचणी घेतली. दहा गणितं. पेपर तपासले, खाली पट्टीने एक रेघ मारली, पेपर वाटले आणि खणखणीत आवाजात एक वाक्य म्हटलं. वर्ग एकदम चिडीचूप. "बघ, काय शिस्त आहे!" अक्का मला हळूच म्हणाली. तिची मान ताठ झालेली मी पाहिली, आणि मलाही कौतुक वाटलं.

शनिवारी सकाळी आठ पेपर परत आले. पाचांवरच्या रेघा कोऱ्या होत्या. तिघांनी एकमेकांच्या पेपरवर गिरगटून ठेवलं होतं. खारूताईची जागा रिकामी. वर तिची गादी नीट घडी घालून ठेवलेली, खुंटीवर टॉवेल, पण ती नाही, तिचे बूटही नाहीत.

अनाथालयाच्या मॅडमनी त्या गिरगटलेल्या रेघांकडे पाहिलं. मग अक्काला इंग्रजीत विचारलं, "काल तुम्ही त्यांना नक्की काय सांगितलंत?" अक्काने वही उघडली. एकोणिसावं वाक्य. 'उद्या घरून सही घेऊन या.'

मॅडमनी पोलिसांना फोन केला, पहारेकरी आणि स्वयंपाकीणबाई गल्ल्या पालथ्या घालायला धावले. अक्का खुर्चीत बसली ती बसलीच. "मी तिला घर शोधायला पाठवलं गं," एवढंच म्हणत राहिली. मी घाबरले की तोंडाळ होते. मी तिला नको नको ते बोलले. चौतीस वर्षांत अक्कल गहाण टाकलीस का, म्हटलं. इतक्या रहदारीत ते पोर कुठे असेल, म्हटलं. ती वहीतल्या त्या वाक्यावर बोट ठेवून बसून राहिली. त्याने तर मला जास्तच भीती वाटली.

बारा वाजायच्या सुमारास फाटक वाजलं. एक धिप्पाड बाई, अंगावर लाँड्रीचा एप्रन, हात कोपरापर्यंत लाल, आणि त्या हातात खारूताईचा हात. मी पायरीवरच बसले. गुडघेदुखीवाली अक्का मात्र माझ्या आधी फाटकात पोचली होती.

ती बाई तावातावाने बोलत होती आणि मॅडम आम्हाला अर्थ सांगत होत्या. खारूताईची आई शहरातल्या मोठ्या लाँड्रीत इस्त्री करायची. पोरगी सकाळी उठून पायी तिथे गेली. तिला आई नाही हे पक्कं ठाऊक होतं, तिचा काही गोंधळ नव्हता. ज्या टेबलाशी आई उभी राहायची, त्या टेबलाशी आता जी उभी राहते तिच्यापुढे तिने पेपर धरला. बाईने काम थांबवून पेपर वाचला आणि सही केली. चादरींवर नंबर घालायच्या शाईने, न धुतली जाणारी. आता ती विचारत होती की दोन गणितं चुकलीच कशी, आणि तुम्ही इथे शिकवता काय.

अक्का हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. मग वीसपैकी एक वाक्य तिला आठवलं, 'शाबास.' ती ते त्या बाईलाच म्हणाली.

दुपारी तिने बॅग काढली. "चल, तू म्हणत होतीस तेच खरं. माझ्याच्याने हे व्हायचं नाही." पंधरा दिवस जे ऐकायला आले होते ते मला आठव्या दिवशीच मिळालं, आणि मला ते नको झालं.

"माझ्या प्रगतिपुस्तकावर कुणाची सही असायची?" मी विचारलं.

"माझी."

"आईच्या नावाने करायचीस?"

"छे! माझ्याच नावाने. बाई म्हणाल्या, चालेल."

"मग इथेही चालेल. तेवढं 'घरून' खोडून टाक आणि पेपर तपासायला बस."

तिने बॅग पलंगाखाली ढकलली आणि मॅडमकडून एकोणिसावं वाक्य बदलून आणलं. 'उद्या सही घेऊन या, ज्याची हवी त्याची.'

पुढच्या शुक्रवारी पुन्हा चाचणी. शनिवारी सकाळी स्वयंपाकीणबाईंनी हात पुसून दोन पेपरांवर सह्या केल्या. पहारेकऱ्याने तीनवर केल्या, त्यातल्या एकाला चांगलंच झापलं. लाँड्रीवाली मधल्या सुट्टीत शाई घेऊन हजर. खारूताईला दहापैकी दहा, आणि तिचं तोंड बंद करायला आता अक्काचं पहिलं वाक्य लागत होतं.

दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं, एकटीचं. कोपऱ्यात मी सामान बांधत होते, आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात एक लांब वेणीवाली मुलगी येऊन माझ्यासमोर पेपर धरून उभी राहिली. मी चष्मा लावला. दहापैकी तीन.

आधी रागावले. मग तिला हातच्याचं गणित पुन्हा करायला लावलं, आणि खालच्या रेघेवर माझं पूर्ण नाव लिहिलं.