रिकामा फ्लॅश

लग्नात फोटो काढणाऱ्याला पहिली विद्या शिकवतात ती लबाडीची. धुळ्यात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हणायचे, "वऱ्हाडातला जो तो म्हणेल, माझा काढ. नाही म्हणू नकोस. बटण दाब." फ्लॅशच्या पाठीवर चाचणीचं एक बारीक बटण असायचं. ते दाबलं की लख्ख उजेड पडायचा, पण कॅमेऱ्यातला रोल जागचा हलायचा नाही. मामा खूश, मावशी खूश, रोल शाबूत. आम्ही याला रिकामा फ्लॅश म्हणायचो, आणि नंतर चहा पिताना कोणाकोणाला उल्लू बनवलं ते सांगत खिदळायचो.

मला लग्नांचा वीट आला होता. हार घातलेली मुंडकी किती काढायची माणसानं? मला रस्त्यावरचं, घडता घडता निसटून जाणारं काहीतरी पकडायचं होतं. सुटलेल्या एसटीमागे धावणारा माणूस, बाजारात उधळलेलं जनावर असलं काही. आपण कोणीतरी वेगळे आहोत असा माज होता, दुसरं काय!

एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पारोळ्याकडच्या गावात लग्न उरकून निघालो, तर तिथे बारागाड्या होत्या. आमच्या खानदेशात हा खंडेरावाचा नवस. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांवर माणसं चढवायची, आणि पुढे एकट्या भगतानं कमरेला बांधून त्या ओढत पळायचं. सगळा खेळ चार श्वासांचा. मी रोल पाहिला. तीन फ्रेम उरल्या होत्या. कृष्णधवल रोल, जवळ दुसरा नाही.

भगत कडुनिंबाच्या सावलीत बसला होता. मजुरी करणारा, पन्नाशीचा माणूस, अंगभर हळद. शेजारी बायको. कॅमेरा दिसताच तो उठून उभा राहिला.

"भाऊ, मना एक फोटू काढ ना. मनाजोडे एकबी फोटू नही. तोंड बठ्ठं येवाले जोयजे हां!"

सगळा चेहरा यावा म्हणून त्यानं फेटा नीट केला, हनुवटी वर केली, श्वास रोखून धरला. आणि मी? माझं लक्ष पलीकडे, गाड्यांच्या दोरांवर. उजेड कुठून येतोय, कुठे उभं राहू, हेच डोक्यात. तीनातली एक फ्रेम याच्या हौसेवर घालवायची? छट्! मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागचं बटण दाबलं. लख्ख उजेड. तो लहान पोरासारखा हसला.

"झाला, आबा," मी म्हणालो. "धुळ्याला आलात की घेऊन जा."

मग येळकोटाचा गजर उठला आणि गाड्या हलल्या. पहिली फ्रेम घाईत हलून वाया गेली. दुसऱ्या वेळी कोणाचा तरी हात मध्ये आला. तिसऱ्या वेळी भगत थेट माझ्या अंगावर येत होता, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, छाती पुढे. तेवढ्यात कोणीतरी मूठभर भंडारा उधळला आणि मी खटका दाबला.

रोल धुतल्यावर मी अंधाऱ्या खोलीत एकटाच ओरडलो. काय फोटो होता! हवेतले पाय, मागे माणसांनी लदलेल्या गाड्या, आणि चेहऱ्याच्या जागी भंडाऱ्याचा ढग. जळगावच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "चेहरा झाकला गेला म्हणूनच हा फोटो मोठा आहे." मी दोन महिने कॉलर ताठ करून फिरलो.

भगत त्या दोन महिन्यांत दोनदा धुळ्याला आमच्या स्टुडिओत आला. पहिल्यांदा मी सांगितलं, रोल धुवायचाय. दुसऱ्यांदा सांगितलं, मुंबईला पाठवलाय. काउंटरवर बसून त्याच्या डोळ्यांदेखत मी हे बोललो. जीभ कशी झडली नाही माझी! तो म्हणाला, "ऱ्हावू दे भाऊ, घाई नही." कॅमेरा घेऊन त्याला बाहेर उन्हात उभं करायला मला दोन मिनिटं लागली असती. पण मग आधीचा फोटो कुठे गेला, हे सांगावं लागलं असतं.

पावसाळ्यात तो तापानं गेला. दहाव्याच्या आधी त्याची बायको आणि दीर स्टुडिओत आले. हार घालायला फोटो हवा होता. मी बक्षिसाचा फोटो आतल्या खोलीच्या भिंतीवरून काढून तिच्या हातात दिला. तिनं तो पदरानं पुसला. मग आणखी एकदा पुसला.

"भाऊ, यामा तोंड कोठे शे?"

आमच्याकडे फोटोंना रंग भरणारे एक म्हातारे चित्रकार बसायचे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. बिचारे मदतीला धावले. म्हणाले, "अक्का, तुम्ही सांगा, मी चेहरा काढतो." ती सांगू लागली. नाक असं, भुवया अशा. नानांनी काढून दाखवलं की ती मान हलवायची. चार कागद झाले. शेवटी नाना वैतागून माझ्याकडे वळले. "अरे, तू तर त्यांना भिंगातून पाहिलंयस. तू सांग ना!"

ती माझ्याकडे बघायला लागली. आशेनं बघत होती. मी डोकं खाजवलं, डोळे मिटले. मला फक्त दोर आठवले. दोनदा माझ्यासमोर येऊन गेलेल्या माणसाचा चेहरा मला आठवेना, कारण तेव्हाही मी मान वर केली नव्हती.

"मी नीट पाहिलं नव्हतं, अक्का," मी म्हणालो. "तो झाडाखालचा फोटो मी काढलाच नव्हता."

तिला ते समजेना. तिनं दिराकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मी तठेच व्हतू ना," ती म्हणाली. "मंग तो लाईट कसाना व्हता, भाऊ?"