खवळलेला ते अति खवळलेला

आमच्या गावात मोबाइलला रेंज येते ती फक्त शाळेच्या ओट्यावर. त्यामुळे मास्तर म्हणून मला गावातल्या बायांची सुखदुःखं नको तितकी कळतात. आणि कळली की बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

तर प्रिस्किलाबाई. वय बावन्न, अंगणवाडी सेविका. आवाज असा, की पोरं झोपेतून उठून हात धुवायला जातील. गाव नवापूरच्या डोंगरातलं, समुद्र पार सुरतेच्या पलीकडे. पण गावातले सात जण सौराष्ट्रातल्या एका बंदरावर, एकाच शेठच्या बोटीवर खलाशी आहेत. त्यातला एक बाईंचा मुलगा जोसेफ. म्हणून दर रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपली, वाढदिवसांच्या आणि बियाण्याच्या सूचना झाल्या, की बाई चष्मा लावून उभ्या राहतात आणि मच्छिमारांसाठीचा हवामानाचा अंदाज वाचतात. मोबाइलवर तो गुजरातीत येतो, बाई घरच्या बोलीत सांगतात.

मी नवा आलो तेव्हा मला हसू फुटलं होतं. मी शहाद्याकडचा, तोंडाचा फटकळ. इथे कुठला आलाय समुद्र, म्हणून अहिराणीत विचारलं, "मावशी, आठे समुद्र कोठे शे?"

"सर, शेतात कापूस फुटला की तुम्ही आभाळाकडे बघता ना? आमचा कापूस तिकडे पाण्यावर आहे."

त्यानंतर मी गुमान ऐकायला लागलो.

अंदाजातल्या शब्दांवर बायांनी नियम बसवला होता. समुद्र 'मध्यम' असला तर घरी जाऊन जेवायचं. 'खवळलेला' असला तर एकीने शेठला फोन करून विचारायचं. आणि 'अति खवळलेला' आला, की सातही घरच्या बायांनी शाळेच्या ओट्यावर जमायचं आणि शेठ बोट बांधून ठेवतो म्हणेपर्यंत पाळीपाळीने फोन लावायचा. शेठ वाऱ्याला भीत नाही, पण या सात जणींपुढे त्याचं काही चालत नाही.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. बाईंची सून रिबेका हिला आठवा महिना होता. रक्तदाब वाढलेला, तिच्या जिवाला घोर लावू नका असं नर्सने बजावलेलं. त्या रविवारी अंदाज आला : सोमवारी संध्याकाळपासून समुद्र खवळलेला ते अति खवळलेला. बाईंनी पहिल्या रांगेत बसलेल्या सुनेकडे पाहिलं आणि वाचलं, "समुद्र खवळलेला." पुढचं गिळून टाकलं.

नियमाप्रमाणे एकच फोन गेला, सात जणींतल्या गुलाबबाईंचा. शेठ म्हणाला, एकच फेरी करतो, उद्या दुपारी परत. बोट सुटली. सोमवारची दुपार गेली, संध्याकाळ झाली, तरी सातही जणांचे फोन बंद.

मंगळवारी सकाळी सगळ्या जणी ओट्यावर बसून होत्या. मुलांना पाढे म्हणायला लावून मीही खिडकीशी उभा होतो. प्रिस्किलाबाई उठल्या, सुनेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढे 'अति' होतं. मी वाचलं नाही. तुझ्याकडे बघून गाळलं."

गुलाबबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. रिबेका मात्र शांतपणे म्हणाली, "आई, मला पोट आहे तसे कानही आहेत. घाबरले असते, पण पहिला फोन मीच केला असता."

मला प्रिस्किलाबाईंची दया आली आणि रागही आला. दिवसभर कुणी जेवलं नाही. मीच चहा करून दिला, तोही तसाच निवून गेला.

बुधवारी दुपारी ओट्यावर रिबेकाचा फोन वाजला. जोसेफच होता. वारा सुटल्यावर ते वाटेतल्या दुसऱ्याच बंदरात शिरले होते. जाळी गेली, फोन भिजले, माणसं मात्र सातही धड. रिबेका हसत होती आणि रडत होती. प्रिस्किलाबाई पायरीवर मटकन बसल्या आणि लेकरासारख्या हमसून रडल्या. पोरांचे हात धुऊन घेणाऱ्या या बाईला त्या दिवशी मी माझ्या हाताने पाणी पाजलं.

पुढच्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि मोबाइल सुनेच्या हातात दिला. म्हणाल्या, "आजपासून तू वाच. माझं मन मधे येतं."

डिसेंबरात रिबेकाला मुलगी झाली. मे महिन्यात अरबी समुद्रात पुन्हा वादळ उठलं, तेव्हा पोर कडेवर घेऊन ती उभी राहिली. सासूकडे सरळ बघत तिने वाचलं, "समुद्र खवळलेला ते अति खवळलेला." एक अक्षर गाळलं नाही.

बाया निघाल्या त्या थेट ओट्यावर. पहिली पाळी प्रिस्किलाबाईंची. फोन लागला आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत पलीकडून शेठ ओरडला, "बेन, बोट बांधेली छे! सवारथी बांधेली छे!"

बाईंनी डोळे पुसले. "सकाळपासून बांधली, बरं झालं शेठ. पण फोन उचलत राहा, सून धरून अजून सात जणी आहेत," म्हणाल्या आणि मोबाइल रिबेकाकडे दिला.